पहिला रोल वाया जाणारच: सोलापुरात फिल्मवर फोटो काढायचे तर

दिवाळीच्या साफसफाईत आईचं कपाट आवरताना भाचीला माझा फिल्मचा यशिका कॅमेरा सापडला. एफएक्स-३. वरचं चामडं पापुद्रे सुटल्यासारखं गळायला लागलेलं. या मॉडेलचं ते जुनं दुखणं आहे, हात लावला की काळा भुसा हाताला. "मामा, हे चालतंय का ओ अजून?" म्हणाली. मी लिव्हर ओढली, बटण दाबलं. खट्ट! तेवीस वर्षं साड्यांच्या घडीखाली पडून होता, आत बॅटरी नाही, तरी शटर उडालं. तिनं फोन बाजूला ठेवला आणि तो आवाज आणखी सात-आठ वेळा काढला.

तेव्हापासून तिला शिकवतोय. तिच्या मैत्रिणी विचारायला लागल्या, मग त्यांचे भाऊ. दरवेळी तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदाचं लिहून काढतो. पुस्तकांत सगळं असतं, पण ती पुस्तकं थंड गावांत बसून लिहिलेली. नळाचं पाणी वीस अंश असतं असं धरून चालतात. आमच्याकडे मे महिन्यात टाकीच्या पाण्यात चहापत्ती टाकली तर रंग सुटेल.

माझ्याबद्दल एवढंच की मी चादरीचे नक्षे काढतो. पूर्वी ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन हातानं रंगवायचो, त्यावरून जेकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची, कार्डं पंच व्हायची. एक भोक चुकलं तर चूक कागदावर दिसायची नाही. चादर मागावरून उतरायला लागली की मोराच्या मानेत एक दोरा भलतीकडे गेलेला दिसायचा, आणि मग प्रत्येक चादरीत त्याच जागी. त्यामुळे आधी ठरवायचं आणि मग हात लावायचा, ही सवय पोटापाण्यानंच लावली. आता नक्षा कम्प्युटरवर होतो, चुकलं की पुसलं. काम सोपं झालं हे खरंच, मी तक्रार करत नाही. पण फिल्मचा कॅमेरा हातात घेतला की तो जुना ग्राफ आठवतो. ३६ चौकोन, आणि एकही पुसता येत नाही.

भाचीच्या फोनमध्ये अठरा हजार फोटो आहेत. तिच्या आजीचा एक धड दाखव म्हटलं तर चार मिनिटं बोट फिरवत बसली. मी हसलो नाही, कारण माझे स्वतःचे २००९ ते २०१४ चे सगळे डिजिटल फोटो एका हार्ड डिस्कबरोबर गेले. एके सकाळी ती टकटक वाजली आणि संपली. १९९२ पासूनच्या निगेटिव्ह मात्र बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात आहेत, ट्यूबलाइटसमोर धरल्या की माणसं दिसतात. असो. कामाला लागू.

कॅमेरा

विकत घ्यायच्या आधी नातेवाइकांची कपाटं बघा. सोलापुरात दर तिसऱ्या घरात कुणीतरी मुंबईहून किंवा गल्फहून आणलेला कॅमेरा पडून असतो. यशिका, पेंटॅक्स, निकॉन, झेनिट, काहीही चालेल. फक्त पहिला कॅमेरा मेकॅनिकल शटरचा, म्हणजे बॅटरीशिवाय फोटो काढणारा, असावा. पेंटॅक्स के१००० हा १९७६ ते १९९७ पर्यंत बनत होता, त्यात बॅटरी फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरसाठी लागते. माझ्या एफएक्स-३ चंही तसंच, एलआर४४ चे बटणासारखे दोन सेल टाकले की मीटर जागा होतो, नाही टाकले तरी फोटो निघतो. पूर्ण इलेक्ट्रॉनिक कॅमेरा बिघडला की दुरुस्त करणारा शोधत पुणे-मुंबई करावं लागतं, आणि तिथेही मान हलवतात.

तपासायचं असं. आत रोल नाही ना ते आधी बघा, मग मागचं दार उघडा. (नसेल असं धरून उघडू नका. रिवाइंडची किल्ली हलकेच फिरवा, अडली तर आत रोल आहे. जुन्या कॅमेऱ्यात कुणाचं तरी लग्न अर्धवट राहिलेलं असतं.) मग एक सेकंदावर शटर उडवा आणि मनात मोजा. हळू वेगांनाच आधी त्रास होतो. तेल वाळलेलं असतं, पडदा मध्येच अडकतो. पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून १/१००० वर बघा, क्षणभर का होईना पूर्ण चौकोन उजळला पाहिजे. लेन्समध्ये मोबाइलचा टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी. आपली हवा कोरडी, तरी पावसाळ्यात चामड्याच्या कव्हरात ठेवलेल्या लेन्सला ती धरतेच. कोपऱ्यात थोडी असेल तर फोटोत दिसत नाही, मधोमध असेल तर सोडून द्या.

दाराच्या खाचेत काळा फोम असतो, तो तीस वर्षांत डांबरासारखा चिकट होतो आणि तिथून उजेड शिरतो. काडीला स्पिरिट लावून तो खरवडून काढा. त्या जागी मी काळी लोकर बसवली, खाचेच्या रुंदीची. आमच्या धंद्यात दोऱ्याला काय तोटा? अजून एकदाही उजेड शिरलेला नाही. आरशाच्या वरच्या पट्टीला मात्र लोकर लावू नका, तिचे तंतू आत पडतात.

रोल

पहिला रोल काळा-पांढरा, ४०० आयएसओचा. (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती तेज आहे त्याचा आकडा.) इलफर्डचा एचपी ५ प्लस किंवा त्याच कारखान्यातला स्वस्त केंटमेअर ४००. आमच्या लहानपणी स्टुडिओवाल्यांकडे 'इंदू' असायचा, उटीच्या सरकारी हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा. तो आता इतिहासजमा. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकनं अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा मला वाटलं, झालं, संपलं. पण कोडॅकचे रोल अजून मिळतात, आणि २०२४ मध्ये पेंटॅक्सनं तर फिल्मचा कोराकरकरीत कॅमेरा काढला. आमच्याकडे मात्र नव्या पेठेतल्या दुकानात रोल मागितला तर पोरगं चार्जरच्या वायरचा रोल दाखवतं. ऑनलाइन मागवा, आणि शक्यतो हिवाळ्यात. कुरियरच्या गाडीत एप्रिलची दुपार काढलेला रोल मला नको.

खर्च लपवत नाही. रंगीत रोल हजाराच्या पुढे, धुणं (म्हणजे औषधांनी चित्र उठवणं), स्कॅन आणि कुरियर मिळून आणखी पाचेकशे. ३६ नं भागलं तर एका फोटोला चाळीस-पंचेचाळीस रुपये. म्हणजे दर वेळी बटण दाबताना एक प्लेट भजी. भाचीला हा हिशोब पटकन कळला.

घरी आल्यावर रोल प्लॅस्टिकच्या डबीसकट फ्रिजमध्ये. आमच्याकडे शेंगाचटणीच्या बरणीशेजारी त्याची जागा आहे. वापरायच्या तासभर आधी बाहेर काढा आणि तोवर डबी उघडू नका, नाहीतर गार फिल्मवर बाहेरच्या हवेचं दव धरतं. कॅमेऱ्यात रोल असताना तो स्कूटीच्या डिकीत ठेवू नका. तेवढं एकदा चुकलं तरी महागात पडतं.

रोल बसवणं: इथेच पहिला रोल जातो

भाचीचा पहिला रोल पूर्ण कोरा आला. एकूण एक. सिद्धेश्वर तलावाचा, भुईकोट किल्ल्याच्या तटाचा, इंद्रभुवनच्या कमानींचा, मैत्रिणींचा. आकडा ३६ वर गेला, तिनं रिवाइंड केला, मी धुतला, आणि धुण्याच्या टाकीतून निघाली ती काचेसारखी स्वच्छ पट्टी. पट्टीच्या कडेला कंपनीचं नाव आणि फ्रेमचे आकडे मात्र ठसठशीत. ते आकडे कारखान्यातच उजेडानं उठवलेले असतात. ते दिसतात म्हणजे धुणं बरोबर झालं, फिल्मला उजेडच मिळाला नाही. कडेचे आकडेसुद्धा गायब असते तर चूक माझी, औषधाची.

झालं असं होतं की फिल्मची जीभ, म्हणजे डबीबाहेरचं टोक, उजवीकडच्या रिळाच्या फटीत नीट अडकलीच नव्हती. पहिल्या ओढीला सुटली आणि मग महिनाभर ती पोरगी न हलणाऱ्या रोलवर फोटो काढत फिरली. वाईट म्हणजे तो रोल न धुता पुन्हा बसवला असता तर पूर्ण वापरता आला असता. माझ्याही लक्षात आलं नाही. तिनं रिवाइंड केला तेव्हा दोन फेऱ्यांत संपला होता, आणि मी "वा, लवकर झालं" म्हणालो!

म्हणून हे हळू करा. सावलीत बसा. रिवाइंडची किल्ली वर ओढली की दार उघडतं. डबी डावीकडे बसवा, किल्ली खाली दाबा. जीभ उजवीकडे ओढून रिळाच्या फटीत घाला, बोटभर आत. आता दार उघडंच ठेवून लिव्हर एकदा ओढा. वरचे आणि खालचे दोन्ही दाते फिल्मच्या भोकांत बसलेले डोळ्यांनी दिसले पाहिजेत. एका बाजूचेच बसले असतील तर पुन्हा करा. मग दार लावा. रिवाइंडची किल्ली बाणाच्या दिशेनं हलकेच फिरवून आतला ढिलेपणा काढा, अडली की थांबा.

आता दोन कोऱ्या फ्रेम ओढा, आणि ओढताना डाव्या किल्लीकडे बघा. ती उलटी फिरली पाहिजे. फिरली तर फिल्म चालतेय. फ्रेमचा आकडा काय दाखवतो त्यावर विश्वास नको, तो रोल नसतानाही पुढे जातो. प्रत्येक दहा-बारा फोटोंनी एकदा त्या किल्लीकडे नजर टाकायची. भाची आता प्रत्येक फोटोला टाकते. दूध पोळलेलं!

आणि आयएसओची चकती ४०० वर फिरवा. जुन्या कॅमेऱ्याला रोल कोणता ते आपोआप कळत नाही.

उजेड

या बाबतीत मात्र आपण भाग्यवान. फेब्रुवारी ते मे सोलापूरचं ऊन इतकं एकसारखं असतं की मीटर बंद पडला तरी काही बिघडत नाही. नियम जुना आहे: भर उन्हात ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत सोडणारं भोक, एफ १६ ठेवा आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओइतका. ४०० ची फिल्म असेल तर १/५००. तलावाच्या बांधावर दुपारी बाराला हेच, हिप्परग्याला हेच. पातळ ढग आले तर एफ ११, आभाळ भरलं तर ८, इमारतीच्या मोकळ्या सावलीत ५.६ किंवा ४. चिठ्ठीवर लिहून कॅमेऱ्याच्या तळाला चिकटवा.

पण दुपारी बाराला माणसांचे फोटो काढू नयेत. डोळ्यांच्या जागी दोन खड्डे येतात. सकाळी नऊच्या आत किंवा पाचनंतर. मधल्या वेळात फक्त सावलीत.

थोडं जास्त झालेलं फिल्मला चालतं, कमी झालेलं चालत नाही. डिजिटलच्या नेमकं उलट. फोनमध्ये पांढरं एकदा जळलं की त्यात काही उरत नाही, निगेटिव्हमध्ये सावली एकदा कोरी राहिली की तिथे चांदीच नसते, मग काय छापणार? म्हणून शंका आली तर एक घर जास्त द्या, म्हणजे दुप्पट उजेड: १६ चं ११ करा किंवा वेग निम्मा. मीटर उन्हावर धरू नका, सावलीवर धरा. माणूस लांब असेल तर स्वतःचा तळहात त्याच्यासारख्याच उजेडात धरून मोजा आणि मीटर सांगेल त्यापेक्षा एक घर जास्त द्या.

हे मी गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या यात्रेत, शिकलो. १९९३ ची संक्रांत. संमती कट्ट्यापाशी अक्षता सोहळा, सात नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या उंच मानाच्या काठ्या, उभ्या, आणि समोर हजारो माणसं पांढऱ्याशुभ्र बाराबंदीत. "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र"चा गजर उठला की अंगावर काटा येतो, हात थरथरतो. मी मीटरचा हिरवा गोल पेटेपर्यंत वेग फिरवला आणि दाबत सुटलो. पूर्ण रोल गेला. मीटर बिचारा समोरचं सगळं करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. एवढं पांढरं दिसल्यावर त्याला वाटलं ऊन फार झालं, त्यानं उजेड कमी करायला लावला. बाराबंदी धुळकट करड्या आल्या आणि फेट्याखालचे चेहरे निगेटिव्हवर नुसते पारदर्शक. नंदीध्वज पेलणारे एक शेजारी होते, त्यांना फोटो देतो म्हणालो होतो. अजून भेटले की विचारतात.

पांढऱ्या गर्दीत हिरवा गोल पेटल्यावर एक ते दीड घर जास्त द्या. काळ्या घोंगडीवर उलट, एक घर कमी. भाचीला जानेवारीत यात्रेला पाठवताना हे तिच्या हातावर पेननं लिहून दिलं होतं.

पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, मागावर फोटो काढायचे असतील तर वेगळी अडचण. ट्यूबलाइटच्या उजेडात ४०० च्या फिल्मवर एफ २.८ आणि १/३० च्या आसपास मिळतं. तेवढ्या वेगात हात हलतो म्हणून माणूस ट्रायपॉड लावतो. पण कारखान्याची फरशीच थरथरत असते, ट्रायपॉड तिच्याबरोबर थरथरतो आणि सगळंच हलतं. त्यापेक्षा कॅमेरा छातीशी घट्ट धरा, कोपरं बरगड्यांना टेकवा, अर्धा श्वास सोडून दाबा. शरीर थरथर शोषून घेतं. दोरा घेऊन धावणारा धोटा हललेला येईल, येऊ द्या. धोटा स्थिर दिसणारा फोटो बंद मागाचा वाटतो. आणि आत जायच्या आधी मालकाला आणि कामगारालाही विचारा. पीसवर काम करणाऱ्याचा एक मिनिट म्हणजे त्याचे पैसे असतात.

लिव्हर शेवटी अडली की जोर लावू नका. रोल संपला. तळाचं बारीक बटण दाबून किल्ली बाणाच्या दिशेनं फिरवा, ओढ एकदम सैल होईपर्यंत. दार त्यानंतरच.

धुणं: माठ, बर्फ आणि बॅटरीचं पाणी

रंगीत रोल लॅबमध्येच पाठवा. त्याची प्रक्रिया ३७.८ अंशांवर चालते, अर्ध्या अंशानंही रंग इकडेतिकडे होतात. (मेमध्ये टाकीतलं पाणी फुकटात जवळपास तेवढं गरम मिळतं, पण मोह आवरा.) पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा: निगेटिव्ह परत पाठवा. एका लॅबनं मला स्कॅन ईमेलनं पाठवले आणि निगेटिव्ह टाकून दिल्या. विचारलं तर म्हणाले, "आता कोण मागतं?"

काळा-पांढरा मात्र घरी धुवा. खरी गंमत तिथे आहे. लागतं काय? धुण्याची टाकी आणि तिच्यातलं रीळ, थर्मामीटर, मोजपात्रं, डेव्हलपर (चित्र उठवणारं औषध), हायपो (ते पक्कं करणारं). डेव्हलपर डी-७६ घ्या. पावडरचं तयार पाकीट मिळतं. मिळालं नाही तर प्रयोगशाळेची रसायनं विकणाऱ्याकडून आणून घरीही बनतो, कृती शंभर वर्षांच्या घरातली आहे. ७५० मिली पाणी साधारण ५० अंशांना, त्यात चिमूटभर सोडियम सल्फाइट, मग मेटॉल २ ग्रॅम, ते पूर्ण विरघळलं की उरलेलं सल्फाइट, एकूण १०० ग्रॅम, मग हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम, आणि गार पाणी घालून एक लिटर. क्रम मोडू नका, सल्फाइट आधी सगळं घातलं तर मेटॉल विरघळत नाही. हातमोजे घाला, तोंडाला फडकं बांधा, आणि स्वयंपाकघरातलं भांडं अजिबात वापरू नका. आईनं मला एकदा डाळीच्या पातेल्यावरून जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आधी उजेडात, वाया गेलेल्या रोलवर रीळ भरायचा सराव करा. मग डोळे मिटून. मग खरा. आमचं बाथरूम रात्री पूर्ण काळोखी होतं, फक्त दाराखालच्या फटीतून हॉलचा उजेड येतो. तिथे जाड सोलापुरी चादर घडी करून खोचतो. आत पाच मिनिटं उभं राहा, डोळे सरावल्यावरही स्वतःचा हात दिसला नाही तर खोली चांगली. मे महिन्यात तळहाताला घाम येतो आणि ओली फिल्म रिळात अडकते, म्हणून हात कोपरापर्यंत धुऊन कोरडे करा आणि जबरदस्ती करू नका. अडकली तर सगळं टाकीत टाका, झाकण लावा, बाहेर येऊन पाणी प्या. टाकीला झाकण बसलं की उजेडाची भीती संपली.

आता तापमान. पुस्तकी आकडा २० अंश. तो मी नोव्हेंबर ते जानेवारीतच पाळतो. उन्हाळ्यात २४ धरतो. त्यासाठी आदल्या रात्री मातीच्या माठात पाणी भरून खिडकीत ठेवा. आपल्या कोरड्या हवेत माठ असा गार होतो की दुपारी घराच्या टाकीचं पाणी ३४ असताना माठाचं २५-२६ भरतं. उरलेलं काम बर्फाचं. पण बर्फ औषधात टाकू नका, औषध पातळ होतं. बर्फ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवी औषधात बुडवा, किंवा सगळ्या बाटल्या घमेल्यात उभ्या करून भोवती बर्फाचं पाणी. डेव्हलपर, हायपो, धुण्याचं पाणी, सगळं एकाच तापमानाच्या आसपास हवं. गारेतून एकदम गरमात गेली तर फिल्मवरचा थर सुरकुततो.

एचपी ५ प्लस, डी-७६ मध्ये तेवढंच पाणी मिसळून: २० अंशांना ११ मिनिटं, २४ ला सुमारे ८. ३५ मिमीच्या एका रोलला माझ्या टाकीत २९० मिली लागतं, मी १५० आणि १५० घेतो. ओता, टाकी ओट्यावर दोनदा आपटा म्हणजे बुडबुडे सुटतात, मग दर मिनिटाच्या सुरुवातीला चार वेळा उलटीसुलटी करा. जास्त हलवू नका, घुसळायचं नाही. वेळ संपली की ओतून द्या, हे मिश्रण पुन्हा वापरायचं नाही. साध्या पाण्यानं एकदा विसळा, मग हायपो.

हायपो किती वेळ? रोल भरताना कापलेली फिल्मची जीभ आधीच हायपोत टाका आणि घड्याळ लावा. दुधाळपणा जाऊन ती स्वच्छ व्हायला जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट. दीड मिनिटात स्वच्छ झाली तर तीन मिनिटं. फार वेळ लागायला लागला की हायपो संपत आला.

मग साध्या पाण्यानं धुणं. वाहत्या नळाखाली अर्धा तास, असं जुनी माणसं सांगतात. आमच्याकडे नळाला रोज पाणी नसतं, अर्धा तास सोडून दिलं तर घरात भांडण. इलफर्डची पद्धत आपल्यासाठीच केल्यासारखी आहे: टाकी भरा, पाच वेळा उलटीसुलटी करा, ओता. पुन्हा भरा, दहा वेळा. पुन्हा, वीस वेळा. संपलं. एक लिटरही पाणी लागत नाही.

शेवटचं पाणी मात्र बोअरचं नको. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार एवढे की वाळल्यावर निगेटिव्हवर पांढरे ठिपके राहतात, नेमके चेहऱ्यावर. गाडीच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर गॅरेजमध्ये मिळतं, ते अर्धा लिटर आणि त्यात वेटिंग एजंटचे, म्हणजे पाणी थेंबांत न साचता सरकवणाऱ्या औषधाचे, दोन थेंब. मग चिमटा लावून टांगा, खालच्या टोकालाही एक चिमटा. पंखा बंद. आमच्या गल्लीत दिवसभर माग चालतात, हवेत सुताची बारीक कूस तरंगत असते, ओल्या फिल्मवर बसली की कायमची. म्हणून बाथरूममध्येच, आधी गरम पाणी ओतून धूळ खाली बसवायची, आणि दोन तास दार उघडायचं नाही. घरातल्यांना आधी सांगून ठेवा. मी एकदा सांगितलं नव्हतं.

दुसरा रोल

गड्ड्याला सुरू केलेला रोल भाचीनं परीक्षा संपेपर्यंत पुरवला. मेच्या पहिल्या रविवारी आम्ही तो धुतला. माठात २६, बर्फाच्या पिशवीनं २४. टाकी ती हलवत होती, घड्याळ माझ्याकडे. झाकण उघडून तिनं रिळाचं टोक ओढलं आणि काही बोललीच नाही. मग म्हणाली, "आलंय ओ मामा. आलंय."

बाराबंदी निगेटिव्हवर दाट काळ्या, म्हणजे छापल्यावर पांढऱ्या. हातावर लिहिलेलं उपयोगी पडलं. मागाचे चार फोटो हललेले, त्यातला एक बरा. दोन फ्रेम आजीच्या: एका फ्रेममध्ये ती ताटात कडक भाकरी मोडतेय, तुकडा हवेत आहे आणि बोटं थोडी हललेली. दुसऱ्यात ती सरळ कॅमेऱ्याकडे बघून विचारतेय की झालं का. पहिला जास्त चांगला आहे, आजीला दुसरा आवडला.

वाळल्यावर सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या कापा, निगेटिव्ह ठेवायच्या पारदर्शक पाकिटांत घाला. मऊ पीव्हीसीची पाकिटं नकोत, ती काही वर्षांनी फिल्मला चिकटतात. स्कॅनर नसेल तर टॅब्लेटवर पांढरा स्क्रीन लावा, वर दुधी ॲक्रिलिकचा तुकडा, त्याच्यावर निगेटिव्ह, आणि वरून सरळ फोटो काढून रंग उलटे करा. स्क्रीन आणि निगेटिव्ह यांत दोन बोटं अंतर ठेवा, नाहीतर स्क्रीनचे ठिपके येतात. हो, शेवटी फोन लागतोच, मी काही सोवळं पाळत नाही.

पाकिटावर पेन्सिलीनं तारीख, फिल्म, औषध, मिनिटं आणि रोलचा नंबर. मी '१' लिहायला घेतला तर भाचीनं हात धरला. "मामा, दोन." कोरी पट्टी तिनं टाकलेली नव्हती. तीही सहा-सहाच्या तुकड्यांत कापून पहिल्या पाकिटात घातली होती, वर तारीख, आणि फोटोंच्या रकान्यात सगळी नावं: तलाव, तट, इंद्रभुवन.